पत्ते कोण पिसतं?

आमच्या पेडण्याकडच्या गावात जत्रेच्या रात्री दोन खेळ चालायचे. देवळासमोरच्या मांडवात दशावतारी काला, आणि मांडवाच्या मागं, जिथं पेट्रोमॅक्सचा उजेड संपायचा तिथं, गडगडो. आम्ही पोरं पहिल्या खेळाला बसायचो आणि मधेच उठून दुसरा बघून यायचो. माझा थोरला मामा मात्र दोन्हीकडं सारख्याच भक्तीनं हजर असायचा.

मामाची एक सवय होती. पटावर पैसे ठेवण्याआधी तो फासे मागून घ्यायचा. तळहातावर लोळवायचा, उजेडात धरून कडा बघायचा, आणि एकदा तर शेजारच्या दुकानातून पाण्याचा ग्लास आणून त्यात फासा सोडलेला मी पाहिला आहे. आत शिसं भरलं असेल तर जड बाजू पुन्हा पुन्हा खाली जाते, असं त्याचं शास्त्र. पटवाला चिडायचा नाही. म्हणायचा, "पळय मामा, बरे पळय. मागीर म्हणूं नाका फसयलो म्हूण." त्याच रात्री मांडवात द्यूताचं आख्यान होतं. शकुनीमामा फासे टाकत होता आणि धर्मराज एकेक भाऊ हरत होता. घरी परतताना माझा मामा अगदी गंभीरपणे म्हणाला, "धर्मराजान फासे हातांत घेवन पळयले आसले जाल्यार महाभारत जावपाचेंच ना."

मामा जुगारात कायम हरायचा. पण फसून हरला असं कधी म्हणाला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आजचा सगळा लेख या फरकाबद्दलच आहे.

तर मंडळी, कॅसिनोबद्दल गोव्यात आजवर किती बोललं गेलं! मांडवीतल्या बोटींबद्दल, पणजीच्या पार्किंगबद्दल, संस्कृतीबद्दल, तरुण पिढीबद्दल. मोर्चे निघाले, अग्रलेख झाले, विरोधी बाकांवर असताना केलेली भाषणं सत्तेच्या बाकांवर गेल्यावर विसरून झाली. बोटी उचलून मोपाच्या बाजूला नेऊ, असंही सरकारकडून अनेकदा ऐकलं. आता मोपाचा विमानतळ उभा आहे (जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात), आणि धारगळच्या मोठ्या प्रकल्पाची चर्चा पेडण्यातल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर झाली आहे. या सगळ्या गदारोळात माझ्या मामाचा साधा प्रश्न मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. फासे कुणी तपासले?

आता तिथं फासे कमी आणि मशिन्स जास्त. त्यातलं एक मशीन मला विशेष सतावतं, ते म्हणजे व्हिडिओ पोकर. २००६ च्या सुमारास मुंबईहून कॉलेजचा एक मित्र आला होता, त्याच्याबरोबर मी एका हॉटेलात गेलो होतो. (तेव्हा गोमंतकीयांना बंदी नव्हती. आणि मी फक्त बघायला गेलो होतो, हे घरच्यांसाठी.) पडद्यावर पाच पानं येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, टाकलेल्यांच्या जागी नवी येतात. जोड, तीन सारखी, पाच एका रंगाची, जसं जमेल तसे पैसे. सगळ्यात मोठं बक्षीस रॉयल फ्लशला, म्हणजे एकाच रंगाची दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का.

मित्राला पहिल्याच अर्ध्या तासात इस्पिकची दहा, गुलाम, राणी, राजा अशी चार पानं आली. पाचवं भलतंच होतं. ते टाकून त्यानं बटण दाबलं. आली चौकटची तिर्री. मित्र ओरडला, "बघितलंस? साल्याला माझी पानं दिसतात!"

आता शांतपणे हिशेब करू. बावन्न पानांतली पाच आपण पाहिली. उरली ४७. त्यातला इस्पिकचा एक्का एकच. म्हणजे प्रामाणिकपणे पिसलेल्या कॅटमध्येसुद्धा ४७ पैकी ४६ वेळा निराशाच पदरात पडणार. मशीन चोर आहे असं म्हणायला त्या तिर्रीनं काहीही आधार दिला नाही. मी मित्राला हे सांगितलंसुद्धा, आणि त्या रात्री त्यानं मला जेवायला घातलं नाही.

पण परतताना मोटरसायकलवर विचार करताना मला दुसरी बाजू दिसली, आणि ती माझ्या डोक्यातून गेली नाही. समजा मशीन खरोखरच चोर असतं. समजा आत कुणी लिहून ठेवलं असतं की रॉयल पूर्ण होतोय असं दिसलं की पान बदल. तर काय दिसलं असतं? चौकटची तिर्रीच दिसली असती! त्या क्षणी प्रामाणिक मशीन आणि चोर मशीन अगदी सारखीच वागतात. मित्राचा संताप चुकीचा होता, आणि माझं शहाणपणही तितकंच बिनबुडाचं होतं.

कुणी म्हणेल, खूप वेळ खेळून बघा, कळेल. नाही कळत. बावन्न पानांतून पाच पानं निवडण्याचे २५,९८,९६० प्रकार, त्यांत रॉयल चार. म्हणजे पहिल्या वाटपातच रॉयल येण्याची शक्यता साडेसहा लाखांत एक. पानं बदलायची मुभा असल्यामुळे, उत्तम खेळणाऱ्याला ती साधारण चाळीस हजार डावांत एक इतकी होते. पण चाळीस हजार डाव रॉयलशिवाय गेले म्हणजे मशीन खोटं, असंही नव्हे. अगदी सचोटीच्या मशीनवरही शंभरातल्या सदतीस माणसांचं तसंच होणार. एक लाख वीस हजार डाव कोरडे गेले तर मग संशयाला जागा आहे. तासाला पाचशे डाव धरले तर हे झाले २४० तास. रोज आठ तास, सुटी न घेता महिनाभर. तीन रात्रींच्या पॅकेजवर आलेला सुरतेचा किंवा हुबळीचा माणूस हे करणार? आणि आपण गोमंतकीयांना तर १ फेब्रुवारी २०२० पासून आत पाऊल टाकायलाच बंदी आहे.

म्हणजे जत्रेतल्या मामाला जे एका ग्लासभर पाण्यात जमत होतं, ते इथं कुठल्याच खेळणाऱ्याला जमणं शक्य नाही. त्याच्यासाठी ते दुसऱ्या कुणीतरी करायला हवं, ज्याला मशीन उघडून आतला प्रोग्राम बघता येतो आणि ज्याचा पगार मशीनमालक देत नाही.

हे मी कल्पनेनं बोलत नाही. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, म्हणजे जिथं लास वेगास आहे तिथं, १९८९ मध्ये अमेरिकन कॉइन नावाच्या कंपनीची शेकडो मशिन्स खोटी निघाली. पोकरच्या मशीनमध्ये प्रोग्रामच असा बसवला होता की सगळ्यात मोठं बक्षीस लागूच नये. माणसं किराणा दुकानात, बारमध्ये उभी राहून वर्षानुवर्षं त्या रॉयलची वाट बघत होती, जो त्या डब्यात नव्हताच. परवाना गेला, दहा लाख डॉलर दंड झाला. ज्यानं तो प्रोग्राम लिहिला होता त्या लॅरी व्होल्कचा १९९० मध्ये गोळ्या घालून खून झाला. आणि हे कुठं? ज्या राज्याचा नियम लेखी आहे की पत्त्यांचं मशीन असेल तर प्रत्येक पानाची शक्यता हातानं पिसलेल्या खऱ्या कॅटइतकीच असली पाहिजे! जिथं मशीन तपासायला स्वतंत्र सरकारी प्रयोगशाळा आहे!

पुढचं ऐका. त्याच तपासणी खात्यात रॉन हॅरिस नावाचा तंत्रज्ञ होता. मशीनमधली चिप खरी की खोटी हे बघणं त्याचं काम. त्यानं तपासायच्या उपकरणातच फेरफार केले, आणि तपासता तपासता मशीनमध्ये स्वतःचा चोरकोड सोडत गेला. नाण्यांचा ठराविक क्रम टाकला की मशीन पैसे द्यायचं. १९९५ मध्ये तो पकडला गेला, दुसऱ्याच राज्यात साथीदाराला केनोमध्ये लाखभर डॉलर लागले तेव्हा. म्हणजे तपासनीसाचीही तपासणी लागते. मी स्वतः सरकारी कारकून आहे, त्यामुळं या शेवटच्या गोष्टीचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

आता या मशीनचा आणखी एक बारकावा सांगतो, कारण तो कळल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. चाकं फिरणारं जे स्लॉट मशीन असतं, त्यावर दिसणाऱ्या चित्रांचा आणि आतल्या शक्यतांचा संबंध राहिलेला नाही. १९८४ मध्ये टेल्नेस नावाच्या माणसानं त्याचं पेटंटच घेतलं. बाहेर चाकावर बावीस चित्रं दिसोत, आत संगणकाच्या चाकावर ती कितीही असू शकतात. पत्त्यांचं मशीन वेगळं. तिथं बावन्न पानं म्हणजे बावन्न पानं, असा नियम असेल आणि तो पाळला जात असेल, तर मशीनवर छापलेला बक्षिसांचा तक्ता वाचून खेळणाऱ्याला आपलं नुकसान आधीच मोजता येतं. फुल हाउसला एकास नऊ आणि फ्लशला एकास सहा असा तक्ता असेल, तर उत्तम खेळणाऱ्याला शंभरातले सरासरी ९९.५४ परत मिळतात. आठ आणि पाच केलं की ९७.३०. सहा आणि पाच केलं की ९५. दहा रुपयांचा डाव आणि तासाला पाचशे डाव धरले तर पहिल्यात तासाला २३ रुपये जातात, शेवटच्यात अडीचशे. मालकाला चोरी करायची गरजच नाही, दोन आकडे बदलले की काम झालं. आणि यात मला काही वावगं वाटत नाही. भाव फलकावर लिहिलेला आहे, ज्याला परवडत नाही त्यानं उठून जावं.

पण हा भाव खरा कधी? पानं खरी असतील तेव्हाच. दुकानदारानं तांदळाचा दर पाटीवर लिहिला आणि मापच खोटं ठेवलं, तर त्या पाटीला काय अर्थ?

आता आपल्या कायद्याकडं येऊ. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा, १९७६. जत्रेतल्या पटावर पोलीस धाड घालतात ते याच कायद्याखाली. पट, फासे, जागेवरची रोकड, सगळं जप्त. याच कायद्यात १९९२ मध्ये १३-अ हे कलम घातलं गेलं, आणि पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक मशिन्सना परवानगी देता येऊ लागली. १९९६ मध्ये त्याला बोटी आणि टेबलावरचे खेळ जोडले. कलम अगदी छोटं आहे, दोनच पोटकलमं. पहिल्यात म्हटलंय, सरकार घालील त्या अटींवर, आणि त्या अटींत फी धरून, परवानगी देता येईल. दुसऱ्यात म्हटलंय, अशी परवानगी मिळालेल्या खेळांना या कायद्याच्या तरतुदी लागू नाहीत.

वीसेक वर्षं फायली हाताळल्यामुळे मला कायद्यातले शब्द वाचायची वाईट खोड लागली आहे. कलमात अटींमधली एकच अट नाव घेऊन सांगितली आहे, ती म्हणजे फी. खेळ कसा असावा, पानं किती असावीत, ती कशी वाटली जावीत, याबद्दल कलमात एक शब्द नाही. २०१२ मध्ये गेमिंग कमिशनर नेमायची तरतूद झाली. प्रत्यक्षात २०२० मध्ये ते काम सोपवलं गेलं व्यापारी कराच्या आयुक्तांकडं. त्यांच्याबद्दल मला वैयक्तिक काही म्हणायचं नाही. पण महसूल मोजणाऱ्याच्याच हातात काटा दिला, की काट्याकडं बघायची दृष्टी कुठली असणार ते समजायला फार हुशारी लागत नाही.

गंमत बघा. म्हापशाच्या बाजारात मासे विकणाऱ्या बाईच्या तराजूवर वजन-माप खात्याचा शिक्का लागतो. त्याची मुदत संपली की दंड. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाईकानं मागितलं तर त्यासमोर भरून दाखवावं लागतं. भंगारवाल्याचा काटा, सोनाराचा काटा, रेशन दुकानाचा काटा, सगळ्यांवर शिक्का. राज्यात जिथं एका रात्रीत सगळ्यात जास्त पैसा हातातून हातात जातो, त्या मशीनवर मात्र असा शिक्का कुठं आहे, कुणी मारला, कधी मारला, हे समोर बसलेल्या माणसाला दिसेल अशी सोय नाही.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं. मशिन्स परदेशातल्या नामांकित कंपन्यांची, तिथल्या प्रयोगशाळांत तपासून आलेली, सोबत प्रमाणपत्र. असेल. मी नाही म्हणत नाही. पण प्रमाणपत्र हे प्रोग्रामच्या एका आवृत्तीचं असतं. आज रात्री या मशीनमध्ये तीच आवृत्ती चालू आहे, हे कोण बघतं? शिवाय एकाच मशीनमध्ये बक्षिसांचे अनेक तक्ते असतात आणि त्यातला कुठला लावायचा ते मालक ठरवतो. पेट्रोल पंपही नामांकित कंपन्यांचेच असतात. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रभर पंपांवर धाडी घातल्या तेव्हा काय निघालं? बाहेर सील शाबूत, कंपनीचं नाव झळकतंय, आणि आत बदललेली चिप. आकडा पाच लिटरचा आणि पेट्रोल कमी. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं आकड्याकडं बघत होतं.

आणि डिचोलीच्या माणसाला काट्याची गोष्ट मी काय सांगणार? खनिजाचे ट्रक किती भरले, कुठल्या काट्यावर मोजले, कागदावर किती लागले आणि बार्जमध्ये किती गेले, हे पाहत एक पिढी म्हातारी झाली. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण मोजायचं काम ज्यांचं होतं त्यांनी मोजलं नाही. मग २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला, सुमारे पस्तीस हजार कोटींचा आकडा आला, आणि खाणी बंद झाल्या. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते ते रस्त्यावर आले, ज्यांनी काटे फिरवले ते आले नाहीत. माझ्या नात्यातला एक ट्रकमालक आज डिचोलीत भाड्याची रिक्षा चालवतो. तो म्हणाला, "काट्यार कोणें पळयलें ना, ताचो दंड म्हाका." (सोळा सालाआधी चार दिवस चालू, अठरा साली पुन्हा बंद, ती कथा वेगळी. असो.)

आता माझ्यावर तुटून पडणाऱ्यांना आधीच उत्तर देतो. पहिला गट म्हणेल, कॅसिनो बंद व्हायला पाहिजेत, आणि हा गृहस्थ मशीन नीट चालवा म्हणतोय! बाबांनो, बंद होणार असतील तर मी पेढे वाटीन. पण १९९२ पासून आजवर तीन दशकं आपण 'बंद करा' म्हणतो आहोत, आणि तोवर ती चालूच आहेत. 'बंद करा' या मागणीचा एक फायदा मालकांना असा झाला की 'तपासा' ही मागणी कुणी केलीच नाही. दारूबंदी हवी म्हणणाऱ्यानं विषारी दारू तपासू नका असं म्हणावं, तसं हे झालं.

दुसरा गट म्हणेल, खेळणारे सगळे भायले, ते फसले काय नि बुडले काय, आमचं काय जातं? हे मी ऑफिसात प्रत्यक्ष ऐकलं आहे, सुशिक्षित माणसाच्या तोंडून. याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या दारात येऊन जेवणाऱ्याच्या ताटातली भाजी शिळी असली तरी चालेल, तो कुठं आपला आहे, असं आपल्या आज्या म्हणत नव्हत्या. आणि स्वार्थानंच बघायचं तरी हिशेब चुकतो. सरकारी तिजोरीत त्या पैशातला वाटा येतो. कर म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून अठ्ठावीस टक्के पूर्ण रकमेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के. वाटा घेणारा मालाच्या खरेपणाला जामीन असतो.

तिसरा गट शास्त्र्यांचा. जुगार हा अधर्म, अधर्मात कसला आलाय प्रामाणिकपणा? या गटासाठी मी मुद्दाम कौटिल्याला बोलावतो. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात, शेवटच्या अध्यायात, द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, दुसरीकडं खेळेल त्याला बारा पण दंड. (म्हणजे आपला जत्रेतला पट आणि पंचतारांकित हॉटेल हा भेद फार जुना!) पण पुढं बघा. कवड्या आणि फासे अध्यक्षानं पुरवायचे, आणि ते शुद्ध असायला हवेत. कुणी हातचलाखीनं ते बदलले तर पुन्हा दंड, कपटानं खेळला तर जबर दंड आणि जिंकलेलं जप्त. आणि या सगळ्याच्या बदल्यात राज्याचा वाटा जिंकलेल्या रकमेच्या पाच टक्के.

कौटिल्याला जुगाऱ्यांबद्दल प्रेम नव्हतं. जुगाराच्या अड्ड्यावर चोर आणि हेर सापडतात, म्हणून त्याला तो एका जागी हवा होता. तरीही वाटा घ्यायचा तर फासे खरे ठेवायचे, एवढं त्या माणसाला कळत होतं. आपण पाचाचे चाळीस केले आणि फाशांचा भाग गाळला.

अगदी मटक्याचीही गोष्ट घ्या. मटका हा आपल्याकडं पेडण्यापासून काणकोणपर्यंत गाड्यागाड्यावर चिठीनं चालतो, बेकायदा आहे, आणि कित्येक घरं त्यानं धुऊन नेली. पण तो लोकांना खरा का वाटला? सुरुवातीला आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावरून निघायचा. मुंबईतल्या कुणाचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं, हीच त्याची हमी. १९६१ मध्ये ते बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं आपापले मटके काढले, आणि खत्री तर पानं काढायला समोरच्याच माणसांना, कधी सिनेमातल्या लोकांना सांगायचा, अशी आख्यायिका आहे. एका आकड्याला एकास नऊ, जोडीला एकास नव्वद. दहा टक्के मटकेवाल्याचे, हे शेंबड्या पोराला ठाऊक. त्या धंद्यालाही कळत होतं की पान लोकांसमोर निघालं पाहिजे. मोबाइलवरच्या रमी-पोकरच्या ॲप्सनी, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करेपर्यंत, आपली पानं कुठल्या प्रयोगशाळेनं तपासली त्याचं प्रमाणपत्र पहिल्या पानावर मिरवलं. ते खरं किती हा भाग वेगळा, पण दाखवावं लागतं एवढी लाज होती.

पुन्हा सांगतो, म्हणजे उद्या कुणी नोटीस पाठवायला नको. गोव्यातली मशिन्स खोटी आहेत असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडं कवडीचा पुरावा नाही. कदाचित सगळी सोन्यासारखी खरी असतील. माझा प्रश्न एवढाच, की ती खरी आहेत हे मला, म्हणजे ज्याच्या नावानं सरकार तो परवाना देतं त्या नागरिकाला, कशावरून कळावं? मामाला पटवाला म्हणायचा, बरे पळय. इथं तसं म्हणणारा कोण आहे?

धारगळला किंवा मोपाला आणखी काही उभं राहायच्या आधी हे विचारून घ्यायला हवं. कारण उद्या तिथं युनिफॉर्म घालून मशीनशेजारी उभी राहणारी पोरं पेडण्याचीच असणार. "माझ्या पैशाला काय झालं रे?" असं कुणी हरलेला माणूस विचारील ते त्या पोराला. मंत्र्याला नव्हे, मालकाला नव्हे.

म्हणून मी एक अर्ज लिहिला आहे. माहितीच्या अधिकाराखालचा, नागरिक म्हणून, ऑफिसच्या वेळेनंतर, स्वतःच्या कागदावर. प्रश्न चारच आहेत. राज्यात परवानगी असलेल्या इलेक्ट्रॉनिक मशिन्सची संख्या तालुक्यानुसार किती. परवान्याच्या अटींत पानं आणि फासे यांच्या शक्यतेबद्दल काही अट आहे काय, असल्यास तिची प्रत. गेल्या पाच वर्षांत किती मशिन्स उघडून तपासली, कुणी, आणि तपासणाऱ्याची पात्रता काय. खेळणाऱ्याला तक्रार करायची असेल तर ती कुणाकडं, आणि अशा किती तक्रारी आल्या. फी दहा रुपये. मामाला वाचून दाखवला. आता तो ऐंशीच्या पुढं आहे, कानानं कमी ऐकतो. सगळं ऐकून त्यानं विचारलं, "आनी उदक खंय सोडप?" म्हटलं, मामा, याला पाण्यात सोडता येत नाही. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "जाल्यार तूं अर्ज दी."

सोमवारी देतो. तीस दिवसांची मुदत आहे, उत्तर आलं की इथंच टाकीन.